वाचणाऱ्याचा कागद

आमच्या लेखनमंडळाचा नियम एकच होता आणि तो शिंपीकाकांनी घालून दिला होता. लिहिणाऱ्याने आपले लिखाण स्वतः वाचायचे नाही. शेजारी बसलेल्याने ते वाचायचे आणि वाचून झाल्यावर कागद आपल्या घरी न्यायचा. प्रत ठेवायची नाही. "कपडा शिवून झाला की गिऱ्हाईक घेऊन जातं," काका म्हणत, "शिंप्यानं तो कपाटात घालून बसायचं नसतं."

मी झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर परक्यांचे दाखले आणि करारनामे यंत्राखालून काढतो. ज्या कागदांची एखादी प्रत खरोखर हवी होती, ते मात्र रविवारमागून रविवार माझ्या डोळ्यांदेखत तसेच निघून गेले. तरीही मला तो नियम प्रिय होता. चार माणसांत बोलायला बिचकणाऱ्या माझ्यासारख्याला, आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे म्हणजे दाराआड उभे राहून स्वतःविषयीचे बोलणे ऐकण्यासारखे वाटे.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, मोडक्या खुर्च्यांची चळत लावलेल्या खोलीत आम्ही जमत असू. एके काळी तिथे खुर्च्या पुरत नसत, असे सांगतात. शेवटी आम्ही तिघेच उरलो होतो : काका, मी, आणि निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई. त्यांनी मला मौनीबाबा हे नाव बहाल केले होते.

वाचनालयाने स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास मागितला, तेव्हा बाई हसल्या. "इतिहास कसला? आले, लिहिलं, गेले. घ्या मौनीबाबा, उतरवून घ्या. एवढंच आहे."

काका हसले नाहीत. त्यांची नजर तोवर इतकी मंदावली होती की सुईत दोरा जाईना. शिवणयंत्रावर कापड घालून ठेवल्याला बरेच दिवस झाले होते. "इतिहासासाठी कागद गोळा करणारच असशील," ते मला म्हणाले, "तर कंपाउंडरच्या घरी माझा एक आहे."

काकू वारल्या त्या वर्षी काकांनी तो लिहिला होता. त्यात वर्णन नव्हते, शोक नव्हता; दुकानाच्या पडद्याआडून काकू दिवसभर जे बोलत, तेवढेच होते. मंडळातल्या कंपाउंडरने तो वाचला आणि नियमाप्रमाणे घरी नेला. कंपाउंडरही आता हयात नव्हता.

"फोटो आहे रे तिचा," काका म्हणाले. "चेहरा दिसतो. पण बोलायची कशी, ते गेलं. आठवायला बसतो, तर नुसते ओठ हलतात. एकदा ऐकायला मिळालं, की झालं."

"तुम्ही ऐकलं होतं ना?" मी बाईंना हळूच विचारले.

"ऐकलं होतं. रडू आलं होतं, एवढं आठवतं. कशानं, ते नाही आठवत."

कंपाउंडरच्या सुनेने माझे काम दारातच ऐकून घेतले. "मामंजींचे कागद? अहो, त्यांनी साधी चिठ्ठीसुद्धा टाकली नाही कधी. माळ्यावर पेटीत आहेत. पण वरून टाकीचं पाणी झिरपतं. यांना सांगून सांगून माझ्या जिभेला फोड आले."

पेटीत कागद नव्हते. एक वीट होती. सगळे ताव एकमेकांना चिकटून घट्ट झाले होते आणि शाई त्यांच्यातून निळसर ओघळली होती.

"न्या भाऊ," ती म्हणाली. "तेवढाच माळा मोकळा."

रविवारी मी ती वीट काकांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी खिशातून ब्लेड काढले आणि शिवण उसवावी तशा हळुवार हाताने ते एकेक पदर सोडवू लागले. पदर तुकड्या-तुकड्यांनी सुटत होते. प्रत्येक तुकड्यावर निळा डाग होता, अक्षर एकही नव्हते. काकांना ते दिसत नव्हते. त्यांनी त्यातल्या त्यात मोठा तुकडा बाईंपुढे धरला. "हे आहे का बघा."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग चष्मा लावला. "हेच आहे."

"वाचा."

विद्यार्थ्यांना साधा स्वल्पविराम माफ न करणाऱ्या बाई त्या निळ्या चिखलातून एक बायको उभी करू लागल्या. "'ऐकलं का? कात्रीला तेवढी धार लावता, कान मात्र बोथटच. चहा गार झाला. आता परत करायची नाही मी, सांगून ठेवते.'" त्या बराच वेळ वाचत होत्या. आवाज एकदाही अडखळला नाही.

काका मान खाली घालून ऐकत होते. "छान लिहिलंय," ते अखेर म्हणाले. "पण बाई, ती मला असं टोचून कधीच बोलली नाही."

जिना उतरताना बाई कठड्याला धरून थांबल्या. "मला वाटलं, म्हाताऱ्याला तेवढंच समाधान," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत, बाईही आल्या नाहीत. रिकाम्या खोलीत थोडा वेळ बसून मी काकांच्या दुकानी गेलो. झाकलेल्या यंत्रासमोर ते नेहमीच्या स्टुलावर बसले होते. इतिहास अर्धे पानभर झाला आहे, असे मी सांगितले. त्यांचे लक्ष नव्हते.

"बाईंना बोल लावू नकोस," ते म्हणाले. "त्यांनी चांगल्या मनानंच केलं. पण आता आठवायला बसलो की तेच येतं. कात्री, कान, गार चहा. तेही बाईंच्या आवाजात. आधी निदान रिकामं तरी होतं. रिकाम्या जागेत ती कधी ना कधी आली असती."

मग त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. डोळे मिटले, मान पडद्याच्या दिशेला किंचित कलती केली आणि ते कान देऊन बसून राहिले. मी श्वासाचाही आवाज होऊ दिला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि नकारार्थी मान हलवली.