साबणाचा वास

हेडमास्तरांच्या उजव्या गालावरून वस्तरा फिरवून झाला, डावा गाल अजून फेसातच होता, आणि सलूनवाल्या मास्टरने वस्तरा खाली ठेवला.

"आलोच," म्हणत त्याने खांद्यावरचा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि दुकानाबाहेर धूम ठोकली.

निवृत्त हेडमास्तर अजिबात दचकले नाहीत. त्यांनी शांतपणे वर्तमानपत्र उघडलं. या सलूनमध्ये बसायचं तर मास्टर मध्येच उठून पळणार, हे सगळ्या गिऱ्हाइकांच्या अंगवळणी पडलं होतं. गेल्या आठवड्यात तर एका वकिलाला अर्धी मिशी घेऊन बसावं लागलं होतं.

दुकान, बँक, शाळेची भिंत, पाण्याची टाकी आणि परत दुकान. चार मिनिटं. सिगारेटची तलफ तेवढ्याच वेळात उतरते, तेवढा वेळ कशात तरी काढा, असं हॉस्पिटलमधली नर्सबाई म्हणाली होती. कुणी लवंग चघळतं, कुणी पाणी पितं. या अठ्ठेचाळीस वर्षांच्या, पोट सुटलेल्या गड्याने पळायचं ठरवलं. पळताना ओढता येत नाही, एवढंच त्याचं शहाणपण.

ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसच्या मशीनला लावत. मास्टरची किडनी जुळली तेव्हा त्याला वाटलं, सुटलो. मग डॉक्टरांनी अट घातली, आधी दोन महिने एकही सिगारेट नाही. लघवीच्या तपासणीत सगळं कळतं. दिवसाला पंचवीस ओढणाऱ्या माणसाला ही अट!

तपासणी उद्या होती. आणि काल सकाळी दुकान उघडताना त्याने एक ओढली होती. एकच, असं तो स्वतःला बजावत होता. आजची ही नववी फेरी. घाम निघेल तसं आतलं सगळं निघून जाईल, असं त्याने मनाशी धरलं होतं. असं त्याला कुणीही सांगितलं नव्हतं, पण दुसरं करण्यासारखं उरलं तरी काय होतं?

याआधी दोन तारखा हुकल्या होत्या. एकदा म्हणे डॉक्टर रजेवर, एकदा तपासणीचं मशीन बंद. ताईनेच तसं कळवलं होतं. दोन्ही वेळा त्याने हॉस्पिटलच्या नावाने शिव्या घातल्या आणि आतल्या आत हुश्श केलं. कारण दोन्ही वेळा तारखेच्या तोंडावर त्याचा पाय घसरला होता.

काल दुपारी ताई केस कापून घ्यायला आली, तेव्हा त्याने दाढीच्या साबणाने तीनदा हात धुतले होते. कानाजवळ कात्री चालवताना ती डोळे मिटून म्हणाली होती, "छोट्या, तुझ्या हातांना साबणाचा काय छान वास येतोय रे."

तो धापा टाकत परत आला. नवा फेस करून डाव्या गालाला लावतोय, तोच फोन वाजला. नर्सबाई होती.

"उद्या येऊ नका. तुमची तारीख दोन महिने पुढे गेलीये."

"परत मशीन बंद?"

"आमचं मशीन कधी बंद होतं हो? काल संध्याकाळी तुमच्या ताईंचाच फोन आला. आधीच्या दोन्ही तारखाही त्यांनीच पुढे ढकलल्या. भावाला सवड नाही म्हणाल्या. सवड काढा हो. त्यांच्या छातीत पाणी साठायला लागलंय. अजून एकदा पुढे गेली, तर मग आम्हीही काही करू शकणार नाही."

फोन हातात धरून तो आरशासमोर तसाच उभा राहिला.

"मास्टर, डावा गाल याच जन्मात होणार ना?" हेडमास्तरांनी विचारलं.

उत्तर द्यायला मास्टर दुकानात होता कुठे? या वेळी तो बँकेकडे वळला नाही. भाजीवाल्यांच्या गल्लीतून, लोकांना ढकलत, कुणाच्या तरी पिशवीला अडखळून तो सुसाट निघाला. बरगडीखाली कळ येत होती. ताईच्या दारात पोचला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आला होता.

तिने दार उघडलं. "अरे! आज कुणाला अर्धवट भादरून आलास?"

तो आत गेला आणि त्याची नजर पलंगावर पडली. पहिल्या तारखेच्या वेळी उशाशी एक उशी होती. आता चार होत्या, भिंतीला टेकवून रचलेल्या. मध्ये कधीतरी त्याने विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, पाठ दुखते रे. आणि त्याने मान डोलावली होती.

"तुला काल वास आला होता," तो म्हणाला.

ताई पलंगाच्या कडेला हळूच बसली. "साबण चांगला होता."

"ताई!"

"मग काय करू? तोंडावर बोलले असते, तर जाता जाता रागाने अजून दोन ओढल्या असत्यास. मी काय ओळखत नाही तुला? आणि तपासणीत सापडला असतास तर त्यांनी तुझं नावच काढून टाकलं असतं. म्हटलं, घेऊ दे अजून थोडे दिवस."

"थोडे दिवस? बसून झोपतेस तू!" त्याने उशांकडे बोट दाखवलं. "मला नाही जमत गं. पळतो, पळतो, जीव जाईस्तोवर पळतो. आणि शेवटी त्याच सिगारेटच्या दुकानापुढे जाऊन उभा राहतो. काल ओढली. आज सकाळी पण."

ताई स्वतःच्या सुजलेल्या पावलांकडे बघत राहिली.

त्याने दोन्ही हात पुढे केले, शाळेत नखं दाखवायला करायचा तसे. "वास घे. खरं सांग."

ताईने त्याची बोटं धरून नाकाशी नेली.

"साबणाचा येतोय."

"आणि?"

"आणि त्याच्याखाली सिगारेटचा."

त्याने हात मागे घेतले नाहीत. तिनेही बोटं सोडली नाहीत. श्वास घेताना तिच्या छातीत घरघर होत होती, ती त्याला पहिल्यांदाच ऐकू आली.

"उद्या दुकान उघडायच्या आधी ये," ती म्हणाली. "रोज ये. साबण न लावता."