निळ्याचं आयुष्य

लाल आणि हिरवा केव्हाच वठणीवर आले होते. नाकी नऊ आणले ते निळ्याने. वीज मिळताच स्वतः उजळणारे हे अतिसूक्ष्म कण, क्वांटम डॉट, जमले तर टीव्हीच्या पडद्यामागे दिवाच लागणार नव्हता. पण निळे कण दोन दिवसांत मान टाकायचे. कोरियातल्या ह्वासोंगच्या प्रयोगशाळेत योंजूने त्यांच्यापायी तीन वर्षं घालवली होती. यंदा चुसोक या सुगीच्या सणाला सगळे पाच दिवस गावी गेले आणि परत येऊन बघतात तर काय, जाण्याआधी दोन काचांमध्ये निळे कण भरून बनवलेल्या पट्ट्या जास्तच उजळल्या होत्या, टिकतही होत्या! टीमप्रमुख प्यो साहेबांनी हुरळून वर कळवलं आणि नव्या उत्पादन लाइनचा मुहूर्तही निघाला.

मुहूर्ताच्या सकाळीच योंजूला चाचणीतली एक पट्टी काळी पडलेली दिसली. मग दुसरी. तिने ती उघडली तर काळेपणा गोंदाजवळूनच पसरला होता. काचा चिकटवायचा गोंद तिनेच निवडला होता. पट्ट्या सणभर पडून होत्या तेव्हा त्यातलं आम्ल आत झिरपलं. त्याने आधी उजेड वाढवला, आता आतले थर कुरतडत होतं. शेजारी ताजी पट्टी लावून पडताळायचं कुणालाच सुचलं नव्हतं. यशाची घाई, दुसरं काय!

ती धावत खाली गेली. प्यो साहेब कोरियन रिवाजाप्रमाणे नव्या कामाच्या पूजेच्या टेबलावर डुकराच्या शिजवलेल्या डोक्याशेजारी नासपती रचत होते.

"साहेब, हे थांबवा. माझा गोंद पट्ट्या खातोय."

"हळू बोल! उपाध्यक्ष जिन्यात आहेत."

"मंजुरीची सही झाली की रोज आठशे पट्ट्या याच गोंदाने चिकटतील."

"पूजा होऊ दे, मग बघू. झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्ता तोंड उघडलंस तर दोघांनाही चंबूगबाळं आवरावं लागेल."

योंजू मागे जाऊन उभी राहिली. तिला स्वतःचीच चीड येत होती. उपाध्यक्षांनी तांदळाची दारू अर्पण केली, गुडघे टेकून नमस्कार केला. समोर पट्टी निळीशार उजळली आणि टाळ्या पडल्या. त्यांनी सहीला पेन उघडलं.

"किती जगेल हा निळा, प्यो?"

"दहा... दहा हजार तास, साहेब."

"नाही!" योंजूचा आवाज चिरकला. "महिनाभरही नाही. गोंद चुकला. चूक माझी आहे."

वरिष्ठांना असं तोडायचं नसतं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"तुला केव्हा कळलं?" उपाध्यक्षांनी विचारलं.

"आत्ताच. प्यो साहेबांना यातलं काही माहीत नाही."

उपाध्यक्षांनी पेन बंद केलं. "उद्यापासून येऊ नकोस."

तिने कमरेत वाकून नमस्कार केला. रडू आवरत दाराकडे वळली.

"थांब, योंजू." प्यो साहेबांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "साहेब, तिने मला मघाशीच सांगितलं होतं. मीच तिला गप्प बसवलं."