कुलुपातल्या गोळ्या

आमच्या इस्पितळात वर्षाला तीनएकशे बाळंतपणं होतात. त्यांतल्या निम्म्या तरी बाळांना पहिला हात लागतो तो मिस अर्लीन गिलरींचा. एकतीस वर्षं त्या बाळंतपणाच्या खोलीत परिचारिका आहेत. बाजारात गेल्या तरी कुणीतरी अडवतं, "मिस अर्लीन, हा बघा, हा तुमचाच," आणि सहाफुटी पोरगा पुढे करतं.

मी डेल्फिन. त्याच इस्पितळात तळमजल्यावर औषधं सांभाळते.

आमच्या लुइझियानात गर्भपात आधीच बंद झाला होता. त्यावर राज्याने आणखी एक कायदा केला. ज्या दोन गोळ्यांनी गर्भपात होतो, त्या नशेच्या औषधांच्या यादीत टाकल्या. त्यांतली एक, मिसोप्रोस्टॉल, आम्हाला रोज लागायची. बाळंतपणानंतर रक्त थांबेना झालं की बाईच्या जिभेखाली चार गोळ्या. मिस अर्लीनच्या खोलीत त्या हाताशी असत, उघड्या खणात, अंधारातही सापडतील अशा.

आमचे व्यवस्थापक मिस्टर ड्यूगा माणूस वाईट नाही, पण घाबरट. त्यांनी सगळ्या गोळ्या खाली माझ्या कपाटात ठेवायला लावल्या. कुलूप, वही, दोन सह्या.

"आणि रक्ताला काय सांगू?" मिस अर्लीनने विचारलं. "जरा दम धर, खाली सही चाललीय?"

"कायदा मी नाही केला, मिस अर्लीन."

"तुम्ही नाही केला, मी नाही केला. निस्तरायचा मात्र मीच!"

त्या दुपारी त्या मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून माझ्याकडे आल्या. "चल पोरी. वरून फोन आलाय असं समज. गोळ्या घे आणि ये."

मी लिफ्टने गेले. पोचायला चार मिनिटं पन्नास सेकंद लागली. मिस अर्लीन दारातच उभ्या होत्या. "बाई गेली," त्या म्हणाल्या. "आता जिन्याने."

माझं वय एक्केचाळीस, वजन विचारू नका. दोन मजले चढून गेले तेव्हा श्वास घेता येईना. तीन मिनिटं दहा. "ही पण गेली," मिस अर्लीन म्हणाल्या आणि मला पाणी दिलं.

मग त्यांनी कायद्याचा कागद मागवला आणि चष्मा लावून शब्दन् शब्द वाचला. डॉक्टरने फोनवर तोंडी सांगितलेलं चालत होतं. फॉर्म आधी भरून ठेवून फक्त नाव आणि वेळ तेवढी मोकळी सोडता येत होती. दुसऱ्या सहीसाठी शेजारच्या एक्स-रेच्या खिडकीतली बाई कबूल झाली. कायद्याला कुठेही बोट लागलं नाही, आणि एकेक सेकंद कमी होत गेला. चार महिने रोज दुपारी मी धावले. कॅन्टीनमधले ओरडायचे, "डेल्फिन, ऑलिम्पिक कुठं भरलंय गं यंदा?" मी उत्तर देत नसे. उत्तर द्यायला दम कुठे उरलेला असायचा!

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सव्वादहाला कोरलीन ट्राहानला मुलगी झाली. हे तिचं दुसरं बाळंतपण. नवऱ्याची झिंग्यांची शेती, तो बिचारा रबरी बूट तसेच घालून आलेला. मुलगी खणखणीत रडली, आणि कोरलीनला रक्त जाऊ लागलं. नेहमीचं इंजेक्शन चालूच होतं, पण गुण येईना. दुसरं द्यावं तर रक्तदाब चढलेला, तिसरं द्यावं तर तिला दमा. डॉक्टर मेलान्सोंनी गोळ्या सांगितल्या.

माझा फोन वाजला. मिस अर्लीन एकच शब्द बोलल्या, "धाव."

कुलूप, सही, दुसरी सही, जिना. आत शिरले तेव्हा मिस अर्लीन एका हाताने कोरलीनचं पोट दाबून चोळत होत्या आणि तिच्याशी असं बोलत होत्या, जणू दोघी ओसरीवर शेंगा सोलत बसल्यात. "डोळे उघडे ठेव बाळा, माझ्याकडे बघ. लेकीचं नाव काय ठेवणार आहेस? घे, या जिभेखाली धर. चावू नकोस."

नंतर कळलं, मला एकाहत्तर सेकंद लागले होते.

काही मिनिटांनी रक्त ओसरू लागलं. दोन पिशव्या रक्त द्यावं लागलं, पण शस्त्रक्रिया टळली, गर्भाशय वाचलं, बाई वाचली. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मोठ्याने रडले. मिस अर्लीन हात धूत म्हणाल्या, "रड, रड. पण आधी वहीत वेळ लिही."

एप्रिलमध्ये राजधानीत, बॅटन रूजला, एक विधेयक आलं. इस्पितळांपुरतं तरी हे औषध त्या यादीतून काढा, एवढंच त्यात होतं. समितीपुढे बोलायला मिस अर्लीनना तीन मिनिटं मिळाली. चर्चला घालतात ती जांभळी टोपी त्यांनी घातली होती. मागे मी, आणि कोरलीन लेकीला मांडीवर घेऊन.

मिस अर्लीनने त्या सकाळचं जसं घडलं तसं सांगितलं. आवाज चढवला नाही. संपल्यावर एक आमदार खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, तुमच्याच बोलण्यावरून औषध वेळेत पोचलं. मग कायद्याने बिघडलं काय?"

"पोचलं, साहेब. कारण ही धावली." मिस अर्लीन वळल्या आणि माझ्याकडे बोट केलं. "चार महिने रोज धावली, म्हणून त्या दिवशी पोचली. तुमच्या कायद्याच्या कुठल्या कलमात हिचे पाय लिहिलेत, तेवढं दाखवा. मी गप्प बसते."

कोरलीनची मुलगी उचक्या देत होती. साहेबांनी समोरचे कागद चाळले, पण त्यात ते कलम काही सापडलं नाही.

विधेयक समितीतच पडलं. परतीच्या वाटेवर गाडीत मी हुंदके देत होते. मिस अर्लीनने एका टपरीवर गाडी थांबवायला लावली, गरम बूदँ घेतलं आणि माझ्या हातात तो भाताचा सॉसेज कोंबला. "पडलं तर पडलं. पुढच्या वर्षी परत येऊ. आज त्याला उत्तर आलं नाही, हे सगळ्या खोलीने पाहिलंय."

मिस्टर ड्यूगांनीही पाहिलं होतं, घरी बसून, फोनवर. सोमवारी ते स्वतः सुतार घेऊन वर आले. बाळंतपणाच्या खोलीबाहेर भिंतीत पोलादी कपाट बसलं. कुलूप होतंच, वहीही होती, पण ते कपाट खाटेपासून बारा पावलांवर. "कायद्यात कुलूप म्हटलंय," ते कुणाच्याच डोळ्यांत न बघता म्हणाले, "मजला नाही म्हटलेला. मी नीट वाचायला हवं होतं."

"आता वाचलंत ना," मिस अर्लीन म्हणाल्या, आणि त्यांना कॉफी ओतून दिली.

ही गोष्ट पसरली. मे महिन्यात सहा गावांतल्या परिचारिका आमच्याकडे शिकायला आल्या. मिस अर्लीनने सगळ्यांना जिन्याशी उभं केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत या बाईने कुणाची तोंडावर स्तुती केलेली माझ्या ऐकण्यात नाही.

"ही डेल्फिन," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे औषध कसं पोचतं ते हिला विचारा."

माझे कान तापले. मी मान वर केली आणि पहिल्या पायरीपासून सांगू लागले. एवढ्या लोकांपुढे मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, पण एकदाही अडखळले नाही.

उत्तरेकडून आलेली एक तरुण परिचारिका शेवटी हळूच म्हणाली, "आमच्याकडे औषधं दुसऱ्या इमारतीत ठेवतात. मधे गाड्यांचं आवार आहे. तिथे काय करायचं?"

मिस अर्लीनने खिशातून पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. "काढ नकाशा. दारं किती आहेत, ते आधी दाखव."