वर धरलेला सूर

पाहुण्या उपदेशकांवर छाप पाडायची म्हणून आजोबांनी आज सूर दोन पट्ट्या वर धरला होता. प्रवचन गाऊन सांगण्यात त्यांचा हात धरणारं चर्चमध्ये कुणी नव्हतं. गोष्टही पाठ होती: ‘आमच्यात थोर कोण?’ म्हणून शिष्य भांडतात आणि प्रभू एका लेकराला मध्ये उभं करून ‘असे व्हा’ म्हणतो. पण घशाला वय लपवता येत नाही. दोन कडवी कशीबशी निभावली. आता तिसरं, सगळ्यांत उंच.

सूनबाई पेटी वाजवता वाजवता कुजबुजली, “बाबा, अजून वेळ आहे, खाली उतरा.”

“भरल्या सभेत? तू वाजव!”

“वाजवते. पण आवाज फाटला तर पेटीला शिवता येणार नाही.”

आजोबांनी ओळ उचलली, “लेकरासारखे...” आणि आवाज चिरकला. पाहुण्यांनी मान खाली घातली. खोकल्याचं सोंग सहज जमलं असतं. हात तोंडापर्यंत गेलाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सात वर्षांची नात म्हणाली, “आजोबा, घरी म्हणतो तसं म्हणा ना.”

हात खाली आला. “मंडळी, घसा ठणठणीत आहे. मिरवायला गेलो आणि तोंडावर आपटलो,” ते म्हणाले. मग नातीकडे वळले, “बाळा, तू धर. मी मागून येतो.”

तिने घरातलाच सूर धरला. आजोबा मागोमाग गाऊ लागले. उंच ओळ आली तेव्हाही तिचाच आवाज पुढे होता, आणि त्यांनी तो पुढेच राहू दिला.