मोकळ्या केसांची बाई

मेहिटेबल थॉर्नचं पाप म्हणावं तर एवढंच, की ती नाचली. तेही प्रार्थनाघरापासून कोसभर लांब, एका विधवेच्या स्वयंपाकघरात, चार गिरक्या. पण मॅसॅच्युसेट्सच्या त्या गावात हसायचं म्हटलं तरी आधी पाद्रीबुवांच्या तोंडाकडे बघावं लागे, तिथे गिरकीचं काय विचारता!

तेव्हा ती सतरा वर्षांची होती. डॉर्कस पेल नावाच्या म्हातारीकडे लोकर कातायला जायची. म्हातारीचा एकुलता एक मुलगा जेडिडाया मासेमारीच्या जहाजावर, घरात दुसरं माणूस नाही. त्या संध्याकाळी कातून कातून हात भरून आले, तेव्हा डॉर्कसने लहानपणी इंग्लंडात ऐकलेली सुगीची चाल गुणगुणायला घेतली आणि पळीने पातेल्यावर ताल धरला. मेहिटेबलने डोक्यावरची पांढरी टोपी भिरकावली, केस सोडले आणि फिरली. जन्मात पहिल्यांदा तिला आपलं अंग आपलं वाटलं.

नेमका शेजारचा ओबेडाया क्रेन हरवलेली डुकरीण शोधत खिडकीशी आला. चुलीच्या उजेडात त्याला म्हातारी दिसली आणि तिच्यापुढे गरगर फिरणारी, मोकळ्या केसांची पाठमोरी बाई. तो धूम पळाला. दुसऱ्या दिवशी डुकरीण मेलेली सापडली. झालं! डॉर्कस चेटकीण आहे, तिने सैतानाला बाईच्या रूपात नाचवलं, हे दुपारपर्यंत गावभर झालं. गावातल्या कुठल्याही बाईचे केस घराबाहेर कुणी पाहिलेच नव्हते, मग ते कुणाचे हे ओळखणार तरी कोण?

"कोण होतं ते?" खटल्यात न्यायाधीशांनी म्हातारीला विचारलं.

"माणसाचं लेकरू होतं," डॉर्कस म्हणाली. "नाव सांगायची नाही."

चेटकिणींच्या खटल्यांच्या त्या वर्षी न्यायही उफराटा होता. जो चेटूक कबूल करी तो जगे आणि जो नाकारी तो फासावर जाई. म्हणजे खोटारडे घरी आणि खरे वर! शहाण्यासुरत्या माणसांना यात काही वावगं वाटलं नाही, हे आज सांगूनही पटायचं नाही.

मेहिटेबल मक्याचा पाव घेऊन तुरुंगात गेली.

"मावशी, हो म्हणून टाका ना. सैतान होता म्हणा. कबूल करणाऱ्यांना सोडतायत."

"आणि होता का गं?"

"नव्हता. पण जीव तर वाचेल!"

"साठ वर्षं खोटं बोलले नाही. आता देवाच्या दारात उभी राहून बोलू? आणि तू खरं बोललीस तरी वाचेनच की मी."

मेहिटेबलने मान खाली घातली. "मला फटके मारतील, मावशी. प्रार्थनाघराच्या कारभाऱ्याच्या मुलाशी ठरलेलं लग्न मोडेल. मलाच चेटकीण म्हणतील."

"म्हणतीलही," म्हातारीने पाव मोडला. "मी तुझं नाव घ्यायची नाही, पोरी. पण तुझं तोंड काही मी शिवलेलं नाही."

फाशीला नऊ दिवस होते. रोज सकाळी मेहिटेबल ठरवायची, आज सांगायचं. रोज दुपारपर्यंत धीर खचायचा. गुरुवारी डॉर्कसला टेकडीवर नेलं, तेव्हा ती टोपीचे बंद गच्च आवळून गर्दीत उभी होती.

लग्न झालं, चार मुलं झाली. चौदा वर्षांत वारं फिरलं. ज्यांनी फाशीला माना डोलावल्या, तेच आता उपास धरून हळहळू लागले. मेहिटेबलला मात्र सुगी आली की जेवण जायचं नाही. शेवटी तिने कबुलीजबाब लिहून नव्या पाद्रीबुवांच्या हाती दिला. बाईने प्रार्थनाघरात बोलायचं नसतं. पाद्रीबुवा वाचतात, तिने नुसतं उभं राहायचं, मग मंडळी हात वर करून क्षमा करतात.

रविवारी ती उभी राहिली. 'मी नाचले आणि भिऊन गप्प बसले,' असं तिने लिहिलं होतं. पाद्रीबुवांनी वाचलं, "त्या घरात सैतानाने मला भुरळ घातली, आणि त्यातून हे रक्त सांडलं." तिने चमकून वर पाहिलं. तोवर हात वर झाले होते. बायका डोळे पुसत होत्या. नवऱ्याने कोपर धरून तिला खाली बसवलं आणि ती बसली.

बाहेर जेडिडाया पेल उभा होता. दाढी पांढरी झालेली, टोपी हातात.

"बाई, एक विचारू? चौदा वर्षं मी छातीठोकपणे सांगत आलो, की माझी आई तसली नव्हती. आज पाद्रीबुवा म्हणाले, घरात सैतान होता. तुम्ही तिथं होतात. खरंच होता का हो?"

"चल लवकर," नवरा फाटकातून म्हणाला. आजूबाजूला माणसं रेंगाळत होती.

"नव्हता," मेहिटेबल म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सैतानबितान कुणी नव्हतं. मी नाचत होते. तुमची आई पातेलं वाजवत होती आणि हसत होती."

माणसं थबकली. नवऱ्याचा चेहरा उतरला. आकाश काही कोसळलं नाही. कुणी तिला हातसुद्धा लावला नाही.

जेडिडाया तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"एवढंच?" तो म्हणाला. "एवढंच बोलायचं होतं?"