पाणी तोडलेला गट

तिसऱ्या गटातल्या उंदरांना नूतन वेदनाशामकाचा डोस तर देत असेच. शिवाय पिंजऱ्यावरची पाण्याची बाटली रोज आठ तास काढून ठेवत असे. तिच्या एम.फार्म.च्या प्रबंधाची मांडणीच तशी होती. एकविसाव्या दिवशी तिनं त्या गटातला पहिला उंदीर उघडला. वालाच्या दाण्याएवढं मूत्रपिंड, सुजलेलं, फिकट. जणू त्यातला रंग कुणी परत मागून नेला होता. ते चिमट्यात धरलेलं असतानाच तिला बाबा आठवले.

बाबा, म्हणजे पुंडलिक, रसमड्याच्या कारखान्यांतल्या लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीपुढे ठेकेदाराकडे कामाला होते. गुडघ्यांसाठी त्याच वेदनाशामकाच्या रोज दोन गोळ्या, गेली सहा वर्षं. सिविक सेंटरच्या मेडिकलमधून त्या आणून देणारी नूतनच. आणि भट्टीवरच्या माणसांचा जुना दंडक असा, की तापल्या अंगी पाणी प्यायचं नाही, सर्द-गरम होतं. आठ तास कोरडे. गोळीसुद्धा चहाच्या घोटाबरोबर.

संध्याकाळी तिनं त्यांचं रक्त काढलं.

"माया नंबर किती?" दंड पुढे करत ते हसले. "उंदरायले तं नंबर असते ना?"

"बाबा, मजाक नका करू."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या यंत्रात, उंदरांच्या नळ्यांशेजारी, तिनं ती नळी ठेवली. मूत्रपिंड थकलं की रक्तात साचत जाणारं क्रिएटिनीन, चार पूर्णांक एक दशांश. माणसाचं एकच्या आसपास असावं.

"गोळी बंद, बाबा. उद्याच मोठ्या दवाखान्यात जाऊ."

"शुक्रवारी गेटपासचं मेडिकल हाय, बाई. डॉक्टर उठाबशा काढाले लावते. गोळी नसन तं बसलो का बसलोच. मंग मले गेटच्या आत कोन घेते?"

"अन् किडनी गेल्यावर कोन घेईन?"

"तवा तं घरीच राहीन. आरामात."

शुक्रवारी ते दोन गोळ्या एकदम खाऊन गेले. डॉक्टरनं छातीला नळी लावली, दहा उठाबशा मोजल्या. रक्त मागितलंच नाही. कागदावर शिक्का बसला : कामास योग्य. नूतनच्या आईनं, सिंधुताईंनी, तो देवापुढे ठेवून हळद-कुंकू वाहिलं.

नूतननं आपल्या आकड्याचा कागद तिच्यासमोर धरला. "आई, तो कागद खोटा हाय. बाबाच्या किडन्या खराब होऊन राहिल्या."

"डॉक्टरचा शिक्का हाय त्याच्यावर," सिंधुताई म्हणाल्या. "तुयी मशीन उंदरायची. तिले मानसाचं काय समजते?"

नूतननं बाबांकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं आहे, हे तिला स्पष्ट दिसलं; आणि त्यांनी नजर काढून घेतली, तीही सावकाश, एखादी उसनी वस्तू परत घ्यावी तशी.

दुपारच्या पाळीची वेळ झाली होती. पुंडलिक उंबरठ्यावर बसून बूट चढवत होते. सुजलेला पाय आत जाईना. शेवटी त्यांनी नाडी पुरती ओढून काढली, खिशात टाकली आणि बुटाची टाच चेपत ते दाराबाहेर पडले.