आईच्या कॉम्प्युटरमधला कचरा

"हे बघ! काय भरून ठेवलंय इथं, बघ तरी!" धाकट्यानं खुर्ची पुढं ओढली.

आईच्या कॉम्प्युटरवर निम्मं पान दिसतच नव्हतं. वरती टूलबारांची थप्पी लागलेली. एक हवामान सांगणारा, एक कूपनं वाटणारा, एक तर सर्च इंजिनच्या जागी स्वतःच ठाण मांडून बसलेला. कोपऱ्यात एक हिरवा पोपट 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे' म्हणून सारखा बजावत होता. धाकट्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सापडला की लेकाचा!

दुरुस्तीचं दुकान दोघा भावांचं होतं. गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये असला फुकटा माल गुपचूप टाकला की कमिशन मिळतं, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक. गिऱ्हाइकं बोंबलायला लागली, तेव्हा थोरल्यानं चारचौघांत धाकट्याकडं बोट दाखवलं आणि त्याला दुकानाबाहेर काढलं. चोराच्या उलट्या बोंबा! आणि आई गप्प बसली. ते त्याला जास्त झोंबलं होतं. तेव्हापासून त्यानं या घराची पायरी चढली नव्हती. आज थोरला परगावी गेल्याचं कळलं आणि तो तडक आला. या मशीनला थोरल्याशिवाय कुणाचा हात लागत नाही. म्हणजे जे सापडेल ते त्याचंच.

"सख्ख्या आईलाही सोडलं नाही गं त्यानं!" मोबाइलवर फोटो काढत तो म्हणाला. "उद्या दुकानासमोर उभा राहून दाखवतो सगळ्यांना. मग कळेल, कचरा कोण टाकत होता ते."

आई पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

फोटो झाल्यावर धाकट्यानं एकेकाला मानगूट धरून बाहेर काढायला सुरुवात केली. कूपनवाल्यानं जाता जाता 'आम्हाला तुमची आठवण येईल' अशी पाटी दाखवली. "येऊ दे!" म्हणत त्यानं बटण दाबलं. पोपट 'खरंच काढायचं का?' असं तीनदा विचारत राहिला. "खरंच, बाबा, खरंच!" दात-ओठ खात केलेलं काम, पण हात मात्र सफाईनं चालला होता.

"अरे, हवामानाचं राहू दे की."

"खिडकी उघडून बघ ना हवामान!"

तोही गेला. शेवटी धाकट्यानं मशीनला नवा पासवर्ड घातला. त्याच्याशिवाय आता काहीच इन्स्टॉल होणार नव्हतं.

"झालं. आता कुणाला काही घालता येणार नाही."

"थोरल्यालाही?"

"त्याच्यासाठीच तर केलंय!"

आईनं हातातला टॉवेल मांडीवर ठेवला. "त्यानं नाही रे घातलं. मी घातलं."

"तू? तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचंय काय? ते विचारतं, हो की नाही. मी हो म्हणते. पाच-सहादा हो म्हटलं की मशीन अडतं. मग थोरल्याला फोन करते. तो येतो, काढत बसतो, माझ्यावर खेकसतो. तासभर जातो माझा."

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. मोबाइलमधले ते सगळे फोटो! थोरल्याला सोडून आता आईवर बोट रोखायचं काय? पण राग कुठंतरी निघायला हवाच होता.

"मग मला का नाही बोलावलंस? मला येत नाही का काढायला?"

"येतं की. त्याच्यापेक्षा चांगलं येतं." आईनं टॉवेलची घडी पुरी केली. "पण तुझं काम पक्कं. तू एकदा आलास की पुन्हा बिघडत नाही."

धाकटा कॉम्प्युटरकडं वळला. पान लख्ख पांढरं दिसत होतं आणि ते काहीच विचारत नव्हतं.